सहीवाला माऊस

माझ्या टेबलावर एका नामांकित व्हिडिओ गेम खेळाडूची सही छापलेला गेमिंग माऊस आहे. होता म्हणू या, कारण ती सही चार महिन्यांत अंगठ्याच्या घामाने पुसली गेली. वर्षभरात डावं बटणही बिघडलं: एकदा दाबलं की दोनदा क्लिक. आतल्या स्विचची पत्री झिजली की हा रोग लागतो, आणि सही असो-नसो, स्विच तेच असतात.

नंतर साध्या आवृत्तीशी ताडून पाहिलं. सेन्सर तोच, वजन तेच, आकारही तोच. जास्तीचे पैसे रंगाचे! डब्यावरच्या मोठ्ठ्या डीपीआयला (माऊस किती संवेदनशील, त्याचा आकडा) तर मी भुललोच होतो. प्रत्यक्षात बरेच व्यावसायिक खेळाडू ४०० किंवा ८०० वरच खेळतात. मीही आता ८०० वर आहे (नेम अजून तसाच, तो भाग वेगळा).

पण सगळंच थोतांड नाही. झोवी या गेमिंग माऊस बनवणाऱ्या ब्रँडच्या ईसी मालिकेतलं 'ईसी' म्हणजे एमिल क्रिस्टेन्सन, काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेमचा 'हीटन' नावाने गाजलेला खेळाडू. तिथे नाव नुसतं चिकटवलेलं नव्हतं, माऊसच्या घडणीत त्याचा हात होता. असं असेल तर मी ऐकून घेतो. तरीही त्याचा पंजा वेगळा, माझा वेगळा. मी बोटांच्या टोकांनी धरतो, त्यामुळे उंच पाठीचा माऊस मला टोचतो.

सध्या मित्राचा जुना, बिननावाचा, हलका माऊस वापरतोय. परत मागितला तर देणार नाही.