1:2000 मिडटाउन: उंची जुळली, सावली नाही

मंडळी, न्यूयॉर्कच्या मिडटाउन भागाची छोटी प्रतिकृती बनवतेय; मागच्या वेळी कळवलं तेव्हा पाटावर नुसते ठोकळे होते. आता सांगण्यासारखं बरंच आहे, पण त्यातलं निम्मं माझ्या चुकांचंच.

नव्यांसाठी मापं: खरे दोन मीटर म्हणजे इथे एक मिलिमीटर. मॅनहॅटनचा 34व्या रस्त्यापासून 59व्यापर्यंतचा पट्टा घेतलाय. दोन रस्त्यांत साधारण 80 मीटर, म्हणजे चार सेंटिमीटर; म्हणून पाट एक मीटर लांब. पाहायचं पूर्वेकडून, नदीपलीकडून. एम्पायर स्टेट बिल्डिंग छतापर्यंत 381 मीटर, म्हणजे 19 सेंटिमीटर. क्रायस्लर बिल्डिंग 16.

स्कायलाइन, म्हणजे आकाशासमोर दिसणारी इमारतींची कड, तपासायला मी खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च लावते आणि मागच्या भिंतीवर सावली पाहते. टॉर्च दीड मीटरवर ठेवला की ते खऱ्या शहरापासून तीन किलोमीटरवर उभं राहून पाहण्यासारखं. पहिल्या रात्री टॉर्च पुस्तकांच्या चळतीवर होता, 30 सेंटिमीटर उंच. सगळ्या इमारती बसक्या! अर्धा तास मापं तपासली, मग लक्षात आलं की मी 600 मीटर उंचीवर घिरट्या घालत होते. टॉर्च आता पाटाच्या पातळीलाच ठेवते.

तरीही सावली चुकीचीच. प्रत्येक उंची अचूक, पण भिंतीवर दिसत होती दात पडलेली फणी. दोष होता माझ्या आळसात: सगळ्या इमारती मी सरळ खोक्यांसारख्या कापल्या होत्या, वर जाताना आत सरकणारे मधले टप्पे गाळून. शिवाय एम्पायर स्टेट आडवी बसवली होती. तिचा पाया साधारण 129 बाय 60 मीटर, आणि लांब बाजू पूर्व-पश्चिम. पूर्वेकडून दिसते ती अरुंद बाजू, तीन सेंटिमीटरची. माझी साडेसहा सेंटिमीटरची भिंत उभी होती.

टप्प्यांचं मूळ 1915 च्या इक्विटेबल बिल्डिंगपाशी जातं. डाउनटाउनमधले ते 38 मजले रस्त्याच्या कडेपासून सरळ वर गेले आणि आजूबाजूचा उजेड गिळून बसले. ओरड झालीच, आणि 1916 मध्ये शहराने नियम केला: ठरावीक उंचीनंतर इमारतीने रस्त्यापासून मागे सरकत जायचं, मात्र प्लॉटच्या चौथाई भागावर हवं तेवढं उंच चढायची मुभा. एम्पायर स्टेट पाचव्या मजल्यावरच आत सरकते ती यामुळे. हे टप्पे कापून बसवले आणि टॉर्च लावला, तर फणी गेली, शहर आलं! खिडक्यांच्या रेघा मारण्यात मी तीन रविवार घालवले होते. सावलीत त्यांचा पत्ताही नाही.

क्रायस्लरचा सुळका मजेशीर निघाला. वॉल स्ट्रीटवरच्या 40 नंबरच्या टॉवरशी उंचीची शर्यत होती, तेव्हा 56 मीटरचा हा सुळका इमारतीच्या आतच गुपचूप जोडला आणि ऑक्टोबर 1929 मध्ये एकदम वर काढला. माझ्याकडे तो 28 मिलिमीटरचा सुईचा तुकडा आहे. तोही आतूनच वर ढकलला, नाहीतर कळस चेपतो.

मधल्या पट्ट्यात सपाट माथ्यांची खोकी आहेत, तिथे फार वेळ गेला नाही. 1958 ची सीग्राम बिल्डिंग रस्त्यापासून मागे सरकून, पुढे मोकळं अंगण सोडून उभी राहिली. 1961 च्या नव्या नियमाने असं अंगण सोडणाऱ्यांना जादा चटईक्षेत्र दिलं. मग सरळसोट खोक्यांचं पीक आलं. सीग्राम मला आवडते, तिच्या नकला नाहीत.

खरा छळ केला 432 पार्क अव्हेन्यू या इमारतीने. 2015 ची, 426 मीटर उंच, आणि रुंदी उंचीच्या पंधराव्या हिश्शाइतकी. म्हणजे 21 सेंटिमीटर उंच, जेमतेम दीड सेंटिमीटर जाड काडी. पंखा लावला की आडवी! शेवटी आतून स्वेटर विणायची सुई घालून पाटात ठोकली. खऱ्या इमारतीतही वाऱ्याचीच काळजी: कडांवरून वाऱ्याचे भोवरे एका लयीत सुटतात आणि टॉवर डोलायला लागतो. ती लय मोडायला दर 12 मजल्यांनंतर दोन मजले उघडे ठेवलेत, वारा आरपार जावा म्हणून. मी तिथे फटी कापल्या, मधला गाभा ठेवून. सावलीत त्या ठिकाणी दोन्ही बाजूंना प्रकाशाचे बारीक ठिपके येतात. या एका गोष्टीवर मी बेहद्द खूश आहे.

ही काडी स्कायलाइनला शोभते का, यावर आपल्यात भांडण होणार हे माहीत आहे. माझ्या डोळ्याला ती खुपते. पण काढून पाहिली तर उजवीकडचा भाग ओका दिसतो.

मिडटाउनच्या कडेच्या इमारती अजून बाकी आहेत, पण मन शिकागोकडे धावतंय. अभियंते फझलुर रहमान खान यांचा सिअर्स टॉवर (आताचं नाव विलिस टॉवर) म्हणजे एकमेकांना बांधलेल्या नऊ चौकोनी नळ्या, प्रत्येकी 23 मीटरची. दोन 50व्या मजल्यावर थांबतात, दोन 66व्यावर, तीन 90व्यावर, उरलेल्या दोन माथ्यापर्यंत. साडेअकरा मिलिमीटरच्या नऊ काड्या कापून ठेवल्यात. समोरासमोरचे कोपरे एकाच उंचीवर संपतात, हे चिकटवण्याआधी कळलं म्हणून बरं.