खाऱ्या पाण्याला फेस येत नाही

आमचे तांडेल काका, म्हणजे आमच्या मासेमारी बोटीचे कप्तान, फोनवर आधी शिवी हासडतात, मग विषयाला हात घालतात. त्या दिवशी शिवी जरा लांबली. आठ दिवसांसाठी गेलेली बोट सहाव्या दिवशीच परत फिरली होती. गॅस चौथ्या दिवशी संपला, आणि सात माणसांनी दोन दिवस भिजवलेले पोहे आणि बिस्किटांवर काढले. चहा नाही. जाळं फाटलं तर खलाशी समजून घेतात, चहा नाही म्हटल्यावर घेत नाहीत.

१९ किलोचा सिलिंडर आमच्याकडे दोन फेऱ्या पुरतो, हात आखडता घेतला तर वर तीन-चार दिवस. बाबांनी बसल्या जागी निकाल दिला: एजन्सीवाला कमी भरून देतो. आमच्या हर्णैच्या किनाऱ्यावर वजनकाट्यांना काही तोटा नाही. नवा सिलिंडर आला तो होडीत चढवण्याआधी मासळीच्या काट्यावर ठेवला. रिकाम्याचं वजन सिलिंडरवरच लिहिलेलं असतं, त्यात १९ मिळवले. बरोबर तेवढंच भरलं. बाबा म्हणाले, "काटाच खोटा असेल." पंधरा मिनिटांपूर्वी याच काट्यावर त्यांनी स्वतःची सुरमई मोजून दिली होती.

खरा धागा मिळाला तो इंजिन बघणाऱ्या खलाशाच्या बोलण्यातून, तोही उगाच गप्पा मारताना. रात्री नांगर टाकून इंजिन बंद असलं की सकाळी इंजिनरूमचं झाकण उघडताना कुजक्या कोबीसारखा वास येतो आणि डोकं धरतं, असं तो म्हणाला.

"किती दिवस?"

"दहा-बारा तरी. आमाला वाटलं मासळीचं पाणी झिरपलं असल."

रांधणाऱ्याला विचारलं तर तो छातीठोकपणे म्हणाला, शेगडीपाशी वास नाही. दोघंही खरं बोलत होते. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. पण डिझेल, ऑइल आणि मासळी यांच्या घाणीत वावरणारं नाक ते किती ओळखणार? शिवाय तोच वास सतत आला की नाक तो सांगायचं बंद करतं. आणि मुख्य म्हणजे हा गॅस हवेहून दीड ते दोन पट जड. घरात गळला तर खिडकीपेक्षा दाराच्या फटीतून जास्त निघतो. बोटीला खाली दार कुठलं? तळ म्हणजे विहीर. केबिनच्या फळ्यांमधून गॅस खाली उतरतो आणि इंजिनभोवती पाण्यासारखा साचतो.

मी डिप्लोमावाला, म्हणून पाटीवर खडूने हिशेब मांडला. इंजिनरूम साधारण १८ घनमीटर. हवेत २ टक्क्यांच्या आसपास गॅस झाला की ठिणगी लागायचाच अवकाश. म्हणजे ३६० लिटर, म्हणजे वजनाने जेमतेम पाऊण किलो. आणि त्या इंजिनरूममध्ये आम्ही रोज सकाळी स्टार्टर मारत होतो. पाटी पुसून टाकली. आईला दाखवण्यासारखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं. आमच्याकडे बोटी किनाऱ्याला लागत नाहीत, बाहेर नांगरून ठेवतात, म्हणून छोट्या होडीने मी आणि दोन खलाशी गेलो. नव्या सिलिंडरला तोवर रेग्युलेटर लावून झाला होता; तो आधी बंद केला. मग सगळ्यांना बजावलं की विडी नाही, दिव्याचं बटण नाही, स्टार्टर नाही, तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप नाही. एकजण बॅटरीची वायर काढायला निघाला होता, त्याला ओढून आणलं, कारण ठिणगी नेमकी वायर काढतानाच उडते. सगळी झाकणं उघडली, ताडपत्री अशी बांधली की वारा खाली शिरावा, आणि प्लास्टिकच्या बादल्यांनी तळातून 'काहीच नाही' उपसून समुद्रात ओतत बसलो. हा जुन्या लोकांचा उपाय आहे आणि जड गॅसपुरता त्यात तथ्यही आहे. पण रिकाम्या बादल्या ओतणारी माणसं बघून शेजारच्या बोटीवरून, "काय रे, काल जास्त झाली काय?" अशी चौकशी झालीच.

आता साबणाचं पाणी. खलाशाने मगभर समुद्राचं पाणी घेतलं, कपड्यांचा साबण घासला, रेग्युलेटर चालू करून सांध्यावर लावलं. एक बुडबुडा नाही. "बघा, काय नाय." मीही मान डोलावली, हे कबूल करायला लाज वाटते. खाऱ्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, त्याचा दह्यासारखा चोथा होतो, हे आम्ही रोज अंघोळीला बघतो. म्हणून तर बोटीवर शाम्पूच्या पुड्या असतात. फेसच होत नसेल तर गळती दिसणार कशात? मग पिण्याच्या पिंपातलं गोडं पाणी घेतलं, त्यात एक रुपयाची पुडी फोडली आणि रंगाच्या ब्रशने लावलं. रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो तिथे बारीक पांढरी माळ फुलली.

रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडात थेंबभर पाणी टाकलं, बुडबुडा नाही. म्हणजे आतली पिन ठीक, पण रेग्युलेटरभोवती घट्ट बसणारं रबरी कडं चिरलेलं. एजन्सीने सिलिंडर बदलून दिला. मी विजयी मुद्रेने तांडेल काकांना सांगितलं. ते जाळ्याची गाठ मारत होते, मान वर न करता म्हणाले, "हा सिलिंडर तर कालच आलाय. गेल्या फेरीला हा बोटीवर होता काय?"

डिप्लोमा तिथेच बुडाला.

मार्गशीर्ष होता, त्यात गुरुवार तोंडावर. मासळीला भाव नसतो म्हणून बाबांनी फेरी थांबवायला फारशी खळखळ केली नाही, बर्फाचे पैसे मात्र माझ्या नावावर लावले.

दापोलीहून फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री आणला. आमची पाईप तांब्याची, आणि तांब्याच्या पाईपचं काम त्याच्याएवढं दुसऱ्या कोणाला कळणार? बाबांनी दहा वर्षांपूर्वी सिलिंडर मागे उघड्यावर ठेवला होता, ते शहाणपणाचं. पण पाईप झोपणाऱ्यांच्या पायात येऊ नये म्हणून ती फळीखालून, इंजिनरूमच्या छताला धरून शेगडीपर्यंत नेली होती. शेगडीपाशी वास का नव्हता ते आता कळलं.

मिस्त्रीला होडीतच मळमळू लागलं. लिंबू चोखत त्याने पहिलं वाक्य उच्चारलं, "आधी गॅस बाजूला करा. हवा भरून बघू." त्याने पाईप दोन्ही टोकांना सोडवली, शेगडीकडचं टोक बुच मारून बंद केलं आणि दुसऱ्या टोकाला गवंडी लोक वापरतात तसली पारदर्शक लेव्हल नळी जोडली. नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून त्यात पाणी. मधल्या जोडातून तोंडाने फुंकलं, पाण्याच्या दोन पातळ्यांत ३० सेंटीमीटरचा फरक आणला आणि चिमटा लावला. शेगडीच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण एवढ्याच दाबाने बाहेर पडतो. पाणी खाली आलं तर पाईप गळते, जागेवर राहिलं तर नाही. ना आगीची भीती, ना नाकावर भिस्त.

पहिल्यांदा पाणी उलट चढलं. मी बावचळलो. मागच्या तुकड्यावर ऊन आलं होतं, आतली हवा तापून फुगली, एवढंच. ओलं पोतं टाकून पाच मिनिटं थांबलो. मग दहा मिनिटं पाणी हललं नाही. मिस्त्री म्हणाला, पाईप चांगली आहे. तांडेल काका म्हणाले, "बोट उभी हाय म्हणून चांगली. चालती कर."

इंजिन चालू करायची गरज नव्हती. मिस्त्रीने इंजिनरूममध्ये उतरून पाईपवर हाताने वीत-वीत अंतराने दाब द्यायला सुरुवात केली आणि मी वर नळीकडे बघत बसलो. पाईप छताला धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या पट्टीपाशी दाबताच पाणी सरसर उतरलं. "थांबा, थांबा!" हात सोडला की थांबायचं, दाबलं की उतरायचं.

ती पट्टी लोखंडी होती. खाऱ्या हवेत गंजून तिची कड कानशीसारखी खरखरीत झाली होती, आणि इंजिनाच्या थरथरीने दहा वर्षं तांबं घासत होती. नखाएवढी चीर, वर गंज आणि ग्रीसचं बूच. बोट डोलली की बूच सरकायचं. इंजिन चालू असताना तेच हवा ओढून घेतं, त्यामुळे दिवसा वासही टिकत नसे.

चिरेवर डाग मारून द्या, असं बाबांचं म्हणणं होतं. मिस्त्रीने ऐकलं नाही, आणि मीही पहिल्यांदाच बाबांसमोर त्याच्या बाजूने बोललो. सगळी पाईप बदलली. नवी वरून, डोळ्यांसमोर राहील अशी नेली, मधे एकही जोड नाही, फळीतून जाते तिथे रबराचं कडं, पट्ट्यांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे, आणि दोन्ही टोकांना एक-एक वेटोळं, म्हणजे थरथर पाईपच खाईल. शेगडीजवळ वेगळा कॉक. पुन्हा हवा, पुन्हा नळी, पुन्हा वीत-वीत दाब. मग गॅस, मग शाम्पू, आणि पितळी जोडांवरचा फेस गोड्या पाण्याने पुसून घेतला. मिस्त्रीने चहा मागितला, नव्या पाईपवर पहिला चहा त्याचाच झाला, आणि परतताना होडीत तोही त्याने समुद्राला दिला.

आता रात्री आधी सिलिंडरपाशी बंद करायचं, नळीतला उरलेला गॅस शेगडीवर जळू द्यायचा, मग कॉक आणि बटण. इंजिनरूममध्ये तळापासून वीतभर उंचीवर गॅसचा अलार्म बसवलाय. तो फायबरच्या रंगकामाला आणि थिनरलाही कोकलतो, खलाशी त्याला सासू म्हणतात.

पुढचा सिलिंडर १८ दिवस पुरला. बाबा मात्र अजून प्रत्येक नवा सिलिंडर काट्यावर ठेवून बघतात. दुसऱ्या माणसाच्या काट्यावर.