एकाच भांड्यातला चिकन पास्ता आणि माझे तीन बुधवार

‘वीस मिनिटांत तयार’ असं जो कुणी सांगतो, त्याचा कांदा आधीच चिरलेला असतो, लसूण सोललेली असते आणि त्याच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या शेगडीवर कुणाचं दूध तापत नसतं. मला पहिल्या खेपेला लागला पाऊण तास, आणि तोही पास्ता खाण्याजोगा झाला नाही. तीन बुधवार यात गेले. तिसऱ्याला जमला, म्हणून लिहितोय. पण राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बुधवारच का, तर बायको एका लॅबमध्ये काम करते आणि बुधवारी तिची दुपारची पाळी असते. सव्वादहाच्या आत ती घरी येत नाही. मी साडेसातला डोंबिवलीला उतरतो. घरी आई आणि सहावीतली लेक. आमच्याकडे सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही, मंगळवारी आईला चालत नाही, म्हणजे कामाच्या दिवसांत चिकनला बुधवार आणि शुक्रवार उरतात, आणि शुक्रवारी बायको घरी असल्यामुळे रस्सा होतो. लेकीला पास्ता हवा होता, मला चिकन हवं होतं आणि भांडी दोघांनाही घासायची नव्हती. एकाच पॅनमध्ये दोन्ही होतं असं एका व्हिडिओत पाहिलं आणि फसलो.

चिकन आणणं, चिरणं, परतणं यात काही विशेष नाही, ते ज्याला त्याला येतं. आईच्या नियमाप्रमाणे हळद-मीठ चोळल्याशिवाय आमच्याकडे चिकन गॅसवर चढत नाही, म्हणून आमचा पास्ता पिवळा होतो. त्याला इलाज नाही. ओरेगॅनो आणि चिली फ्लेक्स विकत आणायची गरज नाही. पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्या तुमच्याही ड्रॉवरमध्ये असतीलच.

अडलं ते पाण्यात.

पहिल्या बुधवारी २५० ग्रॅम पेने, म्हणजे नळीसारखा आखूड पास्ता, घेतले. कृतीत लिहिलं होतं, तीन कप पाणी. मी ओट्यावरचा चहाचा कप घेतला आणि तीन कप मोजून घातले. अमेरिकी पाककृतीतला कप जवळजवळ २४० मिलीचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमचा चहाचा कप काठोकाठ भरला तर १२० मिली होतो, हे नंतर लेकीच्या बाटलीने मोजलं तेव्हा कळलं. म्हणजे मी निम्म्याच पाण्यात पास्ता शिजवायला बसलो होतो. त्यात तीन टोमॅटोंचा घट्ट रस. तो दिसायला ओला, पण त्यात पास्त्याला शिजायला मोकळं पाणी नव्हतंच.

पाच मिनिटांत पॅनचा आवाज बदलला. रटरट थांबून चरचर सुरू झाली. झाकण काढलं तर वरचे पेने पाकिटातून आत्ताच काढल्यासारखे कोरडे, आणि खालचे तळाला धरलेले. मी फिल्टरचं गार पाणी ग्लासभर ओतलं. उकळी बसली. ती परत यायला चार मिनिटं, आणि आली की पुन्हा दोन मिनिटांत पाणी गायब. परत ग्लास. परत शांतता. असं पाच वेळा केलं. मध्ये मी गॅस मोठा केला, तर मधला भाग करपला आणि कडेचे पेने तसेच ताठ. कारण मोठी शेगडी आईच्या दुधाने अडवली होती आणि माझी २८ सेंटीमीटरची पॅन लहान शेगडीवर होती. ज्वाळा मधोमध रुपयाएवढी. पॅनच्या कडेला फक्त गंमत बघायला मिळत होती. (म्हणून पहिली सूचना, जी खरं तर सगळ्यात आधी द्यायला हवी होती: मोठी शेगडी आधी अडवा. दूध नंतर.)

या सगळ्या काळात चिकन बिचारं पॅनमध्येच होतं. दुकानदाराने बोनलेस म्हटल्यावर नेहमीप्रमाणे छातीचं दिलेलं. चाळीस मिनिटं शिजल्यावर त्याचं काय झालं ते लेकीने एका शब्दात सांगितलं. तो शब्द ‘च्युइंगम’ होता. आईने एक पेने दाताखाली धरला, बाहेर काढला, मधला पांढरा ठिपका मला दाखवला आणि म्हणाली, “भातात एवढी कणी राहिली असती तर मी तुझ्या पानात वाढला असता का?” मी तिला सांगितलं की इटलीत मुद्दाम थोडा दाताला लागेल असाच ठेवतात. ती म्हणाली, “ठेवू देत.” आणि दहीभात कालवून घेतला. तेव्हा नऊ वीस झाले होते.

दुसऱ्या बुधवारी मी शहाणा झालो होतो, म्हणजे जास्त मूर्ख. पाणी कमी पडलं ना, मग घ्या. नेहमीच्या पास्त्याचा नियम आहे १०० ग्रॅमला एक लिटर पाणी आणि साधारण १० ग्रॅम मीठ. त्या हिशोबाने अडीच लिटर लागलं असतं, ते पॅनमध्ये मावेना, म्हणून दीड लिटरवर थांबलो. मीठ मात्र हिशोबाने घातलं. हा नियम पाणी गाळून फेकणाऱ्यांसाठी आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. इथे पाणी कुठेच जात नाही. जे मीठ घालाल ते सगळं तुमच्या पोटात. वर चीजमध्ये मीठ असतं ते वेगळंच. तेव्हा मीठ सुरुवातीला अर्धा चमचा आणि उरलेलं, लागलंच तर, चीज विरघळल्यावर चाखून.

बरं, त्या दिवशी पास्ताही पाकिटातला नव्हता. संपला होता, म्हणून खालच्या दुकानातून सुट्टा आणला, प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीतला, मैद्याचा. दीड लिटर पाणी आटायची वाट बघत मी पंचवीस मिनिटं उभा. पाणी आटलं, पण तोवर पेने फुगून फुटले आणि पॅनमध्ये पतंगाला लावायची खळ तयार झाली. खारट खळ. खारटपणा मोडायला मी अर्धा कप दूध ओतलं, उकळत्या टोमॅटोत. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. आई येऊन पॅनमध्ये डोकावली आणि म्हणाली, “पनीर करतोयस होय?”

खालून वडापाव आणले.

त्या रात्री मी पॅन भिजत घालून बराच वेळ ओट्याशी उभा होतो. एका भांड्यातला पदार्थ म्हणे. सिंकमध्ये मोजली तर नऊ भांडी होती: पॅन, तिचं झाकण, चिकनचा वाडगा, चिकन बाजूला काढलेली ताटली, टोमॅटोचं मिक्सरचं भांडं, किसणी, दोन सुऱ्या आणि तो कप. कप तर मी फोडणारच होतो.

मग रविवारी सकाळी आई शेवयांचा उपमा करत होती. मी सहज पास्त्याचं पाकीट तिच्यासमोर धरलं. त्यावर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडचा बन्सी गहू हा त्याच जातीचा, पिवळसर, कडक, रवा चांगला पडणारा. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “म्हणजे शेवयाच की रे या. जाड्या.” मी म्हटलं, असं म्हण हवं तर. “मग आधण मोजून का नाही घालत? आणि गार पाणी कशाला ओततोस? झाकणावर ठेव की.”

झाकणावर पाणी. वांग्याच्या भाजीला, मटकीला, कोबीला ती आयुष्यभर हेच करत आली आहे. खोलगट ताटली पॅनवर उपडी नव्हे, सुलटी ठेवायची आणि तिच्यात पाणी. आतली वाफ वरच्या गार ताटलीला लागते, थेंब होऊन परत खाली पडते, त्यामुळे पाणी आटत नाही. आणि ताटलीतलं पाणी तोवर कडकडीत होतं, लागलं तर तेच आत घालायचं. उकळी बसत नाही. पाच ग्लास गार पाणी ओतून मी जे साधलं नव्हतं, ते स्टीलच्या एका ताटलीत होतं, आणि ती ताटली माझ्या डोक्यावरच्या मांडणीत दोन्ही बुधवार बसून होती.

मोजायचं कशाने हा प्रश्न उरला होता. कप आता घरात चहापुरताच. एका पॅनमधला पास्ता अमेरिकेत २०१३ साली गाजला, त्या मूळ कृतीत ३४० ग्रॅम लिंग्विनीला (लांब, चपटा पास्ता) साडेचार कप पाणी आहे, म्हणजे लिटरभराच्या थोडं वर. भागाकार केला तर वजनाच्या तिप्पट. २५० ग्रॅमला ७५० मिली. लेकीच्या शाळेच्या बाटलीच्या बुडाला ७५० असं कोरलेलं आहे. एक बाटली, एक अर्धं पाकीट. यापेक्षा सोपं माप मला या जगात दुसरं सापडलेलं नाही आणि मी ते आता कुणी न विचारताही सांगतो, ऑफिसात, गाडीत, कुठेही.

तिसऱ्या बुधवारी स्टेशनबाहेर चिकनवाल्याला आधीच बजावलं: बोनलेस, पण लेगचं. तो कुरकुरला, दहा मिनिटं थांबवलं, पण दिलं. मांडीचं मांस थोडं जास्त शिजलं तरी चिवट होत नाही, आणि आपल्यासारख्या नवशिक्यांचं हमखास जास्तच शिजतं. ३५० ग्रॅम, सुपारीपेक्षा मोठे तुकडे. तेलात मोठ्या आचेवर चार मिनिटं, फक्त रंग येईपर्यंत, आणि बाहेर. आत शिजलं नाही तरी चालतं, ते नंतर शिजणार आहे. सगळे तुकडे एकदम टाकले तर पाणी सुटून ते उकडतात, म्हणून दोन वेळा केलं. ओले असतील तर आधी कागदाने टिपा. हे आठवलं म्हणून मध्येच सांगतोय.

त्याच पॅनमध्ये कांदा, आठ पाकळ्या लसूण, मग टोमॅटो. या वेळी रस नाही, नुसते बारीक चिरून, आणि तीनऐवजी दोन. तळाला चिकनचं जे खरपूस चिकटलेलं असतं ते टोमॅटोच्या पाण्यात उलथन्याने खरवडून घ्या, सगळी चव तिथे आहे, आणि तेच नाही खरवडलं तर पुढे करपतं. दुसऱ्या शेगडीवर बाटलीभर पाण्याला आधण आणलेलं. पेने घातले, वरून आधण ओतलं, सगळे बुडतील असे दाबले आणि वर पाण्याची ताटली.

पाकिटावर अकरा मिनिटं होती. मला सोळा लागली. कमी पाण्यात वेळ जास्त लागतो हे धरून चाला, आणि दर तीन मिनिटांनी ताटली उचलून तळापासून एकदा हलवा. एकदाच. सारखं ढवळत बसू नका, मी पहिल्या सहा मिनिटांत चार वेळा उघडलं तेव्हा आई म्हणाली, “वाफ तुझ्या चष्म्याला द्यायची आहे की त्याला?” दहाव्या मिनिटाला चिकन आणि ढोबळी मिरची आत गेली. चौदाव्याला मी ताटलीतलं दोन डाव पाणी घातलं. उकळी थांबली नाही. ओट्यापाशी कुणी नव्हतं, म्हणून मी हाताची मूठ वळून एकट्यानेच ‘येस’ म्हटलं.

चिकन शिजलं का हे बघायला थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस. आमच्याकडे एकच थर्मामीटर आहे आणि तो तापाचा. सगळ्यात जाड तुकडा मधून कापला, आत गुलाबी काही नव्हतं, पाणी स्वच्छ होतं.

गॅस बंद. मग दोन चीज क्यूब किसून, थोडं क्रीम. बंद केल्यावरच, हे मी नासलेल्या दुधाकडून शिकलो. टोमॅटोचं आंबट आणि उकळी एकत्र आले की दूध फुटणारच. प्रोसेस्ड चीज मात्र सहज मिसळतं, त्यात ते फुटू नये म्हणून क्षार घातलेलेच असतात. त्याला नाकं मुरडणाऱ्यांनी मोझरेला घालून तारा ओढत बसावं.

पाच मिनिटं झाकून ठेवलं. आधी तो जरा पातळ दिसतो, घाबरू नका, ताटात येईपर्यंत पेने उरलेलं पाणी पिऊन टाकतात.

आठ पंचेचाळीसला तिघं जेवायला बसलो. लेकीने दुसऱ्यांदा घेतला. आईने पेने बोटांनी दाबून पाहिला, आत कणी आहे का ते बघितलं, खाल्ला, आणि म्हणाली, “लिंबू आहे का?” लिंबू पिळल्यावर तो खरंच सुधारला, हे मला मान्य करावं लागलं.

एक गोष्ट राहिली. जास्त करून ठेवावा म्हणून पाकीटभर शिजवू नका, निदान आमच्यासारख्या घरात तरी. बुधवारचं उरलेलं गुरुवारी चालत नाही, आणि रात्रभरात तो सगळा रस्सा शोषून असा घट्ट बसतो की चमच्याने वडी पडते. बायको सव्वादहाला आली तेव्हा तिच्या वाटचा तसाच व्हायला लागला होता. मी त्यात अर्धी वाटी पाणी घालून, ताटली ठेवून, मंद आचेवर तीन मिनिटं गरम केला. तिने ओट्याशी उभ्यानेच पॅनमधून खाल्ला, तळ खरवडून घेतला आणि सिंककडे बघून विचारलं, “एवढी भांडी कुणाची रे?”

सात होती. मागच्या वेळेपेक्षा दोन कमी.