मधुमेह नाही, मग तीन महिन्यांची साखर कशाला?

‘उपाशीपोटीची साखर ९४ आहे, मधुमेह नाही, मग एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ५.९ टक्के आले म्हणून हृदयाला धोका आहे का?’ माझ्या प्रयोगशाळेत अहवाल न्यायला येणारे हा प्रश्न सतत विचारतात. तुम्हीही विचारलात म्हणून, खिडकीपाशी उभ्या उभ्या देता येत नाही ते उत्तर येथे लिहितो.

रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटते आणि तांबडी पेशी जगते तोवर, म्हणजे सुमारे १२० दिवस, चिकटून राहते. त्यामुळे उपाशीपोटीची तपासणी एका सकाळपुरते सांगते, तर एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचे. अमेरिकेतील ‘एरिक’ या दीर्घकालीन अभ्यासात मधुमेहाचे निदान नसलेल्या ११,०९२ प्रौढांच्या, १९९० ते १९९२ या काळात जपून ठेवलेल्या रक्तावर ही तपासणी झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एचबीए१सी ५ ते ५.५ टक्के असणाऱ्यांच्या तुलनेत ५.५ ते ६ टक्के असणाऱ्यांमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका सुमारे २३ टक्क्यांनी, आणि ६ ते ६.५ टक्के असणाऱ्यांमध्ये सुमारे ७८ टक्क्यांनी जास्त आढळला. तोही वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान यांचा परिणाम वेगळा काढल्यावर. म्हणजे ५.९ अगदीच निरर्थक नाही.

तरीही एवढ्यावर घाबरून जाऊ नये, असे माझे मत आहे. २०१४ साली जवळपास २ लाख ९५ हजार लोकांच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले, की नेहमीचे धोके माहीत असताना या आकड्याची भर घातल्याने भविष्याचा अंदाज फारसा सुधारत नाही.

शिवाय आपल्याकडे आणखी एक पेच आहे, आणि तो अहवालावर छापलेला नसतो. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात साखर न वाढताही एचबीए१सी चढलेले दिसू शकते. उलट रक्तस्रावानंतर किंवा पेशी लवकर फुटत असतील तर ते खाली येते. म्हणून ६.१ पाहून रडवेल्या झालेल्या एका शिक्षिकेच्या अहवालात मी आधी हिमोग्लोबिन पाहिले. ते ८.४ होते, म्हणजे बरेच कमी.

असे ५.९ घेऊन आलेल्याला मी रक्तदाब, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि तंबाखू-मिश्रीबद्दल विचारतो. परवा एका गृहस्थांनी ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासू का?’ असे विचारले. आठवड्याभरात पेशी बदलत नाहीत, तीन महिन्यांनी या, असे सांगून मी त्यांच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीकडे बोट दाखवले.