लकडगंजातला भुसा

गेल्या पावसाळ्यात आमचं नवं दार असं फुगलं की खांदा लावल्याशिवाय लागेना. ओलं लाकूड घेतल्याची शिक्षा! म्हणून यंदा एप्रिलच्या उन्हात अमरावतीहून थेट नागपूरचं लकडगंज गाठलं.

आरा मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं, पण सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास लांबूनच आला. नागपूरच्या उन्हात लाकूड चटकन वाळत असेल, असा माझा समज. वखारीतल्या काकाजींनी तो मोडून काढला. "उनात टाकलं का फाटते नं भाऊ!" त्यांची थप्पी पत्र्याच्या सावलीत होती. दर दोन फळ्यांमध्ये बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्या, वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत. पट्टी सरकली की फळी वाकते. फळ्यांची टोकं रंगवलेली, कारण टोकाकडून पाणी सगळ्यात लवकर उडतं आणि चीर तिथूनच पडते. जुना हिशोब म्हणजे इंचाच्या जाडीला साधारण वर्षभर.

ब्रह्मदेशात तर ही तयारी झाड उभं असतानाच व्हायची. बुंध्याभोवती खोल खाच पाडून साग दोन-तीन वर्षं जागीच वाळवायचे. ओला साग पाण्यात बुडतो. वाळलेले ओंडके नदीतून तरंगत गिरणीपर्यंत येत.

इथे लकडगंजात आता करवत फिरवायला विजेची मोटर आहे. त्याआधी मोठ्या गिरण्यांत बॉयलर, वाफेचं इंजिन आणि लांबच लांब फिरता दांडा असायचा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली; अशा कापडगिरण्यांतही हीच रीत. दांड्यावरच्या चाकांवरून चामड्याचे पट्टे एकेका यंत्राकडे जात. एकच करवत थांबवायची असेल तर तिचा पट्टा शेजारच्या, नुसत्याच फिरणाऱ्या मोकळ्या चाकावर सरकवायचा. इंजिन आपलं चालूच. मला सगळ्यात आवडलं ते बॉयलरचं जेवण: गिरणीचाच भुसा आणि सालपं! इंजिनातून निघालेली वाफ काही ठिकाणी नळ्यांतून भट्टीत नेत आणि तिच्या उष्णतेवर फळ्या वाळवत. वर्षाचं काम आठवड्यांवर यायचं.

त्याहीआधी खड्ड्यावर ओंडका ठेवून दोघं करवत ओढत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. त्याची मजुरी तरी जास्त असावी, असं मला उगाच वाटत राहिलं.

दीड इंची फळी निवडली. काकाजींनी खडूने खूण केली. "दिवाळीनंतर न्या."

तोवर खांदा आहेच.