कमी कचऱ्याचा जमाखर्च

पर्यावरणपूरक म्हणून सध्या जे काही विकले जाते, त्यातले निम्मे सामान मध्यमवर्गीय मराठी घराला लागतच नाही. स्टीलच्या स्ट्रॉ, बांबूचे डबे, हिरव्या पानाचे चित्र छापलेल्या सुती पिशव्या हे सारे दिसायला देखणे असते. पण जुन्या चादरीच्या शिवलेल्या चार पिशव्या दाराआडच्या खुंटीला लटकत असताना पाचवी विकत आणण्यात ना पैसा वाचतो, ना कापूस. महाराष्ट्रात मार्च 2018 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अशाच जुन्या पिशव्या पुन्हा बाहेर निघाल्या होत्या. पुण्यातल्या आमच्या सदनिकेत गेली काही वर्षे घरखर्चाची वही आणि कचऱ्याची बादली या दोन्हींकडे लक्ष ठेवल्यावर माझे मत असे झाले आहे, की आधीच पैसे मोजून घरात आणलेली वस्तू शेवटच्या कणापर्यंत वापरली, तरच या दोन्ही गोष्टी एकदम हलक्या होतात.

याचा सर्वांत मोठा वाव स्वयंपाकघरात आहे. दोडका सोलताना ज्या शिरा निघतात, त्या वजनाने थोड्या असल्या तरी त्यांचेही पैसे आपण भाजीवाल्याला दिलेले असतात. या शिरा कोवळ्या असतील तर बारीक चिरून, थोड्या तेलावर, मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परताव्यात. मग त्याच कढईत तीळ, सुक्या खोबऱ्याचा कीस, लसूण आणि सुक्या मिरच्या भाजून, मीठ आणि चिमूटभर साखर घालून सगळे एकत्र भरड वाटावे. शिरा घाईने परतल्या तर आत ओलसर राहतात आणि चटणी दुसऱ्या दिवशी मऊ पडते, म्हणून तेवढा वेळ मात्र द्यावा लागतो. दुधीच्या सालीची अशीच चटणी होते, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जातात आणि कलिंगडाचा पांढरा गर किसून थालीपिठाच्या पिठात मिसळता येतो. शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्याबद्दल आणि फोडणीच्या भाताबद्दल वेगळे सांगायला नको.

सायीचा हिशेब मात्र सविस्तर मांडण्यासारखा आहे. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधात निदान 6 टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे साधारण 60 ग्रॅम. तापवलेल्या दुधावरची साय रोज काढून फ्रीजमध्ये साठवली, आठवड्याने तिला विरजण लावले आणि घुसळले, की लोण्याबरोबर ताकही मिळते. लोणी कढवले की तूप निघते आणि तळाशी राहिलेल्या बेरीत साखर घालून मुले ती संपवतात. तूप विकत आणावे लागत नाही, तुपाची बरणी किंवा पाकीट कचऱ्यात जात नाही, आणि यासाठी वेगळे दूधही घ्यावे लागत नाही. घुसळताना साय फार गार असेल तर लोणी लवकर येत नाही आणि फार कोमट असेल तर ते पातळ राहते, एवढे सांभाळले म्हणजे झाले.

गॅसच्या बाबतीत 14.2 किलोचा सिलिंडर किती दिवस पुरतो याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली, तरी सवयी आपोआप सुधारतात. कडधान्ये रात्री भिजत घालणे, कुकरमध्ये डाळ आणि भात एकावर एक लावणे आणि शिटी झाल्यावर आच बारीक करणे या गोष्टी आमच्या आईच्या पिढीला कुणी शिकवाव्या लागल्या नव्हत्या.

विजेच्या बिलात एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात आणि पहिल्या 100 युनिटांनंतरच्या टप्प्याचा दर जवळजवळ दुप्पट पडतो. त्यामुळे ज्यांचा वापर 100 युनिटांच्या पुढे जातो, त्यांनी वाचवलेले प्रत्येक युनिट महागड्या टप्प्यातलेच असते. 75 वॅटचा जुना पंखा दिवसाला 12 तास चालला तर महिन्याला 27 युनिटे घेतो; 30 वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा तेवढ्याच वेळात 11 युनिटांच्या आत राहतो. नवीन वस्तू विकत घेण्याला माझा एरवी विरोध असला, तरी जो पंखा दिवसभर चालतो तेवढा बदलणे परवडते. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा बदलण्यात अर्थ नाही; तो जळेपर्यंत तसाच राहू द्यावा.

घरी खत करण्यात पैसे वाचतात असे म्हणणे मला थोडे धाडसाचे वाटते. कुंड्यांसाठीचे खत विकत आणावे लागत नाही, इतकाच थेट लाभ. सोसायटीने गांडूळखताचा प्रकल्प चालू ठेवला तर पुणे महापालिका मिळकतकरात काही सवलत देते, पण त्यासाठी प्रकल्प खरोखर चालू असावा लागतो. खताच्या बादलीला वास येऊ लागला, तर बहुधा आत ओल जास्त आणि हवा कमी झालेली असते. मूठभर सुकी पाने किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून ते हलवले की दोन-तीन दिवसांत वास जातो.

सुक्या कचऱ्यातले पैसे आम्ही ठेवत नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई दारावर कचरा न्यायला येतात, आणि त्यातला विकण्याजोगा माल हा त्यांच्या कमाईचा भाग असतो. खरकट्याने बरबटलेल्या मालाला भंगाराच्या दुकानात भाव मिळत नाही. म्हणून दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो इवलासा तुकडा नंतर कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळायची, ते पाणी कुंडीत ओतायचे, पिशवी तारेवर उलटी वाळवायची आणि आठवड्याचा गठ्ठा रद्दीबरोबर त्यांच्या हाती द्यायचा.