एक्केचाळिसावा टी-शर्ट

2023 साली सोसायटीच्या मीटिंगला मी उशिरा पोचलो, तोवर गणपतीचा खजिनदार म्हणून माझं नाव ठरून गेलं होतं. मांडव, मोदक, भटजींची दक्षिणा, सगळ्याचा हिशेब जमला. घोडं अडलं ते टी-शर्टांवर.

चौथ्या मजल्यावरच्या मुलीने डिझाइन केलं होतं. काळ्या टी-शर्टवर पाच रंगांचा बाप्पा. मोबाइलवर इतका देखणा दिसत होता की मी लगेच गाडी काढून अप्पा बळवंत चौकामागच्या एका बोळात गेलो. तिथल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांनी चित्राकडे पाहिलं आणि बाप्पाला हात जोडायच्या आधी बोटं मोजायला सुरुवात केली.

"पाच रंग म्हणजे पाच फ्रेम. आणि काळ्यावर आधी पांढरा हात मारावा लागतो, नाहीतर तुमचा पिवळा मातकट दिसणार. सहा धरा."

फ्रेम म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी. तिच्यावर हिरवट लेप द्यायचा, वर चित्राची फिल्म ठेवून दिव्याचा उजेड पाडायचा. उजेड लागलेला लेप घट्ट बसतो, चित्राखालचा पाण्याने धुऊन निघतो. तेवढ्याच भोकांतून रबराच्या पट्टीने शाई खाली ओढायची. प्रत्येक रंगाला हा सगळा संसार नव्याने मांडायचा. टी-शर्ट एक असो की हजार, मांडणीचा खर्च तेवढाच.

एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर त्यांनी हिशेब मांडला. तिरुपूरचा 180 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 180 ग्रॅम वजनाच्या कापडाचा, कोरा टी-शर्ट 155 रुपये. फ्रेम 400 रुपयांना एक. छपाई दर रंगाला नगामागे 15. आम्हाला हवे होते 40. म्हणजे एकेक टी-शर्ट 305 रुपयांना पडणार, त्यातला निम्मा खर्च रंगांचाच! मी आजवर समजत होतो की टी-शर्टला पैसे पडतात ते कापडाचे.

मीटिंगमध्ये काळ्याचा निकाल अण्णांनी लावला. "गणपतीला काळं? संक्रांत आहे का?" पांढरा बाद, कारण विसर्जनाचा गुलाल. शेवटी हळदी रंगाच्या टी-शर्टवर एकाच किरमिजी शाईत बाप्पाची रेघ ठरली. एक फ्रेम, खाली पांढऱ्याची गरज नाही, नगाला 180. त्या मुलीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, पण खरं सांगायचं तर ती रेघ आधीच्या बाप्पापेक्षा छान दिसत होती. नाइलाजाने माणसाची अभिरुची सुधारते म्हणतात ती अशी.

कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यांनी 5000 देऊ केले, पाठीवर दुकानाचं नाव टाका म्हणाले. नाव तीन रंगांत होतं. त्यांच्या 5000 पैकी 3000 त्यांच्याच नावात गेले असते. एका रंगावर त्यांना आणायला मला दोन कप चहा आणि अर्धा किलो काजूकतली विकत घ्यावी लागली. सगळी वजाबाकी होऊन माणशी 80 रुपये आले. त्या 80 रुपयांसाठी मी काही मजले तीन-तीनदा चढलो.

प्रिंटवाल्यांनी एक शहाणपणाची गोष्ट सांगितली होती. "साल टाकू नका. उरलेले पुढच्या वर्षी चालतात." कमिटीला पटलं नाही. अहो, साल नसेल तर जुना कोण आणि नवा कोण हे कळणार कसं? जिथे गणपतींनाही मानाचे पाच क्रमांक आहेत, तिथे माणसांनी काय करायचं? अण्णा अजून 2011चा टी-शर्ट घालून आरतीला येतात. त्यातला शेवटचा एक धुण्यात गेलाय, 201 एवढंच उरलंय. तरी त्यांच्याआधी आरतीचं ताट कोणी हातात धरत नाही.

टी-शर्ट आले, वाटले, आणि त्याच रात्री बी विंगमधल्या काकू दारात. भाचा बंगळुरूहून आला होता. "एकच तर काढायचाय." मी फोन लावला.

"जाळी धुतली की साहेब. त्यावर आता एका बँकेची दिनदर्शिका आहे."

नव्या फ्रेमने तो एक टी-शर्ट, पाठपोट मिळून, हजाराच्या जवळ जात होता. त्यांनी दुसरा मार्ग काढला. फिल्मवर छापून गरम प्रेसखाली चिकटवून दिला, 350 रुपयांत. रंग तोच, पण छातीवर हात फिरवला की प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा लागायचा. भाच्याला फरक कळला नाही. काकूंनी मला 80 रुपये दिले, कारण सगळ्यांनी 80च दिले होते.

उरलेले 270 मी वहीत 'किरकोळ' म्हणून लिहिले. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी अण्णांनी चश्मा कपाळावर सरकवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे किरकोळ म्हणजे नक्की काय हो?"